गाळायचं नाही, घालायचं नाही

माझा भाऊ लिंडल गाणं ऐकायला बसला की आधी फ्रिज बंद करतो. नुसता बंद नाही, गॅरेजमधल्या बोर्डापाशी जाऊन त्याचा स्वतंत्र खटका पाडतो. मग भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढतो. मग कुत्र्याला मागच्या अंगणात नेऊन सोडतो आणि येताना मला बजावतो, "ट्वायला, तासभर नळ सोडू नकोस."

"श्वास घेऊ की तोही बंद करू?" मी विचारते.

यावर तो खरोखर विचार करतो, हीच तर गोम आहे. "घे, पण नाकाने घे. तोंडाने घेतेस तेव्हा शीळ वाजते."

माझा घटस्फोट झाल्यापासून मी याच्याकडे राहते. घर ममाचं. बेकर्सफील्डला लागून असलेल्या ऑइलडेलमध्ये, नदीच्या उत्तरेला दोन खोल्या, एक गॅरेज, आणि मागच्या कुंपणापलीकडे तेलाचे पंप, रात्रंदिवस माना डोलावणारे. या घरात माझं किती दूध नासलं आणि किती आइस्क्रीमचं सरबत झालं, याला गणती नाही. लिंडलचं लग्नही असंच नासलं. वहिनी गेली तेव्हा मी तिच्या बाजूने होते, आजही आहे. पण भाऊ तो भाऊ.

तो पोटापाण्यासाठी पंपर आहे. म्हणजे पहाटे पिकअप काढायची, चाळीसेक विहिरींचा फेरा मारायचा, आणि कुठला पंप नीट चाललाय, कुठला कण्हतोय ते बघायचं. बघायचं म्हणजे बाकीचे बघतात, लिंडल ऐकतो. गाडीतून उतरायचंही नाही, काच खाली करायची. "सत्तावीस नंबरचं बेअरिंग महिनाभरात जाणार," असं म्हणायचा आणि ते महिनाभरात जायचं. कंपनीतले लोक त्याला टरकून असायचे. एकदा साहेबाच्या बायकोची नवी गाडी शेजारून गेली तर हा म्हणाला, "पट्टा सैल आहे." साहेबाला वाटलं, बायकोबद्दल बोलतोय. मारामारी होता होता राहिली.

तर असा हा कान, आणि त्याला लागलेलं हे लॉसलेसचं वेड.

ते मला त्याने इतक्या वेळा समजावलंय की मी झोपेतही सांगेन. साधी एमपीथ्री करताना कॉम्प्युटर ठरवतो की यातलं माणसाला काय ऐकू येणार नाही, आणि तेवढं फेकून देतो. गाणं छोटं होतं, दहाव्या हिश्शात बसतं. लॉसलेसमध्ये काहीच फेकत नाहीत. सीडीवर जे आहे ते सगळं, कणसुद्धा न गाळता. लिंडल सीडी कॉम्प्युटरमध्ये घालतो तेव्हा ती एकदा वाचून भागत नाही. मशीन प्रत्येक तुकडा दोनदा वाचतं, मग जगाच्या पाठीवर त्याच्यासारख्याच रिकामटेकड्यांनी काढलेल्या आकड्यांशी ताडून बघतं. जुळलं तर हा हात चोळतो. नाही जुळलं तर सीडी टूथपेस्टने घासतो. टूथपेस्ट माझी.

आणि नेटवर त्याचा दरारा होता. कुणी एमपीथ्री घेऊन तिचीच पुन्हा मोठी फाइल करायची आणि लॉसलेस म्हणून खपवायची, असे लबाड फार. लिंडल त्या गाण्यातल्या खालच्या-वरच्या सुरांचा आलेख काढायचा. खऱ्या लॉसलेसचा आलेख वरपर्यंत भरलेला असतो, खोट्याचा सोळा हजार हर्ट्झवर सपाट कापलेला, कात्रीने केस कापावेत तसा. मग हा त्या माणसाला चारचौघांत असा सोलायचा की तो पुन्हा तिकडे फिरकायचा नाही. "एकदा गेलं ते गेलं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. "पाण्यात पाणी घालून त्याचं दूध होत नाही."

मी म्हणायचे, एवढा राग कशाला रे, कुणी तुझं घर का लुटलंय? तो पुढचा आलेख काढायला घ्यायचा. मला वाटायचं, स्वभाव.

आता जरा मागे जाते, कारण मागे गेल्याशिवाय शेन प्रूइट समजायचा नाही.

शेन आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहायचा. टायरच्या दुकानात कामाला, अठरा वर्षांचा, काडीसारखा, आणि चड्डी इतकी ढगळ की त्यात अजून एक शेन मावला असता. चौघांनी मिळून बँड काढला होता. नाव ठेवलं ग्रीसट्रॅप. हॉटेलाच्या मोरीत तेलकट घाण अडवायला जो डबा बसवतात, त्याचं नाव. ममा म्हणाली, "बाकी सगळी नावं संपली होती का रे?"

त्या वेळी आमच्या गावात गाणं म्हणजे कंट्री. कडक इस्त्रीची जीन्स, टोपी, आणि रडकी गिटार. डॅडींचा जन्म त्यातच गेला. ही पोरं सात तारांची गिटार इतक्या खालच्या सुरात लावून वाजवायची की खिडकीच्या काचा दाढदुखी झाल्यासारख्या थरथरायच्या. शेन आधी कानात सांगितल्यासारखा पुटपुटायचा आणि मग एकदम असा ओरडायचा की शेजारची कुत्री ओरडायची थांबत. डॅडी गॅरेजच्या दारात येऊन म्हणाले, "लिंडल, हे गाणं आहे की गिअरबॉक्स फुटलाय?"

"दोन्ही, डॅडी," लिंडल म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता तो मी नंतर कधी पाहिला नाही.

तो वाजवायचा नाही. तो रेकॉर्ड करायचा. ओव्हरटाइमच्या पैशांतून त्याने एका टीव्ही स्टेशनाच्या लिलावात डॅटचं मशीन घेतलं होतं. डॅट म्हणजे काड्यापेटीहून जरा मोठी डिजिटल कॅसेट. त्यात जे जाईल ते जसंच्या तसं राहतं. चौऱ्याण्णवचा जुलै. पारा एकशे आठ फॅरनहाइटवर. गॅरेजच्या भिंतींना गाद्या आणि जुने गालिचे टांगलेले, आणि छतावरचा कूलर बंद, कारण त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. कूलर बंद म्हणजे सगळ्या घराचा बंद. ममा स्वयंपाकघरात घामाने निथळत पिंटो बीन्स शिजवत होती आणि नदीच्या उत्तरेला कुणी कुणाला दिल्या नसतील अशा शिव्या देत होती. पण तिने कूलर लावला नाही. मध्येच येऊन सगळ्यांना बर्फाचं पाणी दिलं आणि शेनला म्हणाली, "तू ओरडतोस ते ठीक आहे, पण जेवून ओरड."

अकराव्या वेळी ते गाणं जमलं. नाव ‘टूली’. हिवाळ्यात आमच्याकडे त्याच नावाचं जे धुकं पडतं ना, हाताला हात दिसत नाही असं, त्याच्यावरचं. शेनची आई अशाच धुक्यात गाडी घेऊन गेली होती ती परत आली नव्हती. अपघात नाही, नुसतीच गेली. ते सगळं त्याने त्या साडेचार मिनिटांत ओकून टाकलं. मी दारात कॉर्नब्रेडचं ताट घेऊन उभी होते. मला ते गाणं आवडलं नव्हतं, आजही आवडत नाही. पण खरं काय असतं ते त्या दिवशी ऐकलं.

त्या टेपवरून तीसेक कॅसेटी काढून त्यांनी इकडेतिकडे वाटल्या. त्यातली एक लॉस एंजेलिसमध्ये योग्य माणसाच्या हाती पडली. दोन वर्षांत ग्रीसट्रॅप देशभर गाजलं. ‘टूली’ त्यांनी मोठ्या स्टुडिओत पुन्हा रेकॉर्ड केलं, चांगलं घासूनपुसून. पहिल्या अल्बमच्या पुस्तिकेत आभारांची ही लांबलचक यादी होती. लिंडल ती दुकानाच्या पार्किंगमध्येच उभा राहून वाचत होता. दोनदा वाचली. मग गाडीत ठेवली.

"राहून गेलं यार," शेनने फोनवर सांगितलं, "पुढच्या वेळी नक्की."

पुढच्या वेळी नाही, त्याच्या पुढच्या वेळीही नाही. चार अल्बम झाले, बँड फुटला, पोरांची पोटं सुटली. लिंडल शेनबद्दल एक वाईट शब्द बोलला नाही. मी बोलायचे, दोघांच्या वाटचं.

आणि मग पाच वर्षांपूर्वी, डिसेंबरात, शेनचा फोन आला. ग्रीसट्रॅपच्या गाजलेल्या गाण्यांची एक सीडी निघणार होती, पंचवीस वर्षांतली निवडक सोळा. पंधरा सगळ्यांना माहीत असलेली. सोळावं मात्र गॅरेजमधलं ‘टूली’, तेच, अकराव्या वेळचं. तेव्हा वाटलेल्या कॅसेटी आता कुणाकडे धड राहिल्या नव्हत्या, गाड्यांमधल्या उन्हाने त्यांची कढी झाली होती. मूळ टेप फक्त लिंडलकडे. आणि पुस्तिकेत त्याखाली छापलं जाणार होतं: रेकॉर्डिंग, लिंडल हॅचर, ऑइलडेल.

फोन स्पीकरवर होता. मी स्वयंपाकघरात टाळ्या पिटल्या. लिंडल म्हणाला, "बघतो शोधून," आणि फोन ठेवला.

"बघतो शोधून काय? तुझ्याकडे मोज्यांची जोडी सापडत नाही, पण टेपा नंबर घालून ठेवलेल्या असतात!"

तो बाहेर जाऊन कुत्र्याशी बोलत बसला. पुढचा महिनाभर तो नीट जेवला नाही. मला वाटलं, आनंदाने. इतक्या वर्षांनी नाव येतंय, माणूस हरखून जाणारच. मी तर ऑइलडेलभर सांगत सुटले. शाळेच्या कॅन्टीनमध्ये, जिथे मी सव्वीस वर्षं पोरांना जेवण वाढलं, तिथे. स्पेनकडून आलेल्या बास्क लोकांच्या खानावळीत, लांब टेबलावर, अनोळखी माणसांना बीन्सचं भांडं पुढे सरकवता सरकवता. "माझ्या भावाचं नाव छापून येणार आहे हं!" खानावळीच्या मालकाने लिंडलला त्यांच्याकडची खासियत, लोणच्यासारख्या मुरवलेल्या गाईच्या जिभेची जादा बशी फुकट दिली. लिंडलने ती माझ्याकडे सारली.

जानेवारीत शेन स्वतः आला. डोंगर उतरून खाली आलं की धुकंच धुकं, लॉस एंजेलिसहून दोन तासांच्या रस्त्याला त्याला चार तास लागले. दार उघडलं तर बाहेर दुधासारखं पांढरं आणि त्यात एक टकलू माणूस.

"ट्वायला! अजून तश्शीच रागीट दिसतेस!"

"आणि तू आता उपाशी दिसत नाहीस. ये आत, धुकं घरात येतंय."

त्याने मला घट्ट मिठी मारली. ममाच्या फोटोपुढे क्षणभर उभा राहिला. मग खिशातून एक घडी केलेला कागद काढून लिंडलच्या हातात दिला. पुस्तिकेचं छापायला जाणारं पान होतं ते. सोळाव्या गाण्याखाली ती ओळ होती. लिंडलने चष्मा लावला. ओळीवरून अंगठा फिरवला, शाई ओली आहे का बघावं तसा. मग कागद टेबलावर ठेवला आणि फ्रिज बंद करायला गेला.

धुक्याचा दिवस ऐकायला सगळ्यात चांगला, असं तो नेहमी म्हणतो. रस्त्यावर गाड्या नाहीत, कूलर नाही, सगळं गाव कापसात गुंडाळलेलं. शेनला मधल्या खुर्चीत बसवलं. दोन्ही स्पीकर माणसाच्या उंचीचे, माझ्या बैठकीच्या खोलीचं त्यांनी वाटोळं केलंय. लिंडलने कॉम्प्युटरवर गाणं लावलं.

ते गॅरेज परत आलं. खोटं नाही सांगत, मला बीन्सचा वास आला. शेनने डोळे मिटले होते आणि शेवटच्या ओरडण्याला त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"हेच," तो म्हणाला. "हीच ती खोली. स्टुडिओत एवढा पैसा ओतला आणि हे कधी जमलं नाही. तू देवमाणूस आहेस, लिंडल. आम्ही सगळ्यांनी सगळं हरवलं, तू एकट्याने जपलंस."

लिंडल उभाच होता. "शेन, ही टेप नाही."

"म्हणजे?"

"ही एमपीथ्री आहे. एकशे अठ्ठावीसवाली. सगळ्यात हलकी. टेप नाहीये माझ्याकडे. मी पुसली."

मी तोंडाने श्वास घेतला असणार, कारण शीळ मला स्वतःलाच ऐकू आली.

तो सगळं भराभर सांगत गेला, खाली बघत. नव्याण्णव साल. त्याने पहिला कॉम्प्युटर घेतला होता. एमपीथ्री नवीनच आली होती आणि जो तो म्हणत होता की सीडीत आणि हिच्यात काही फरक नाही. त्याने विश्वास ठेवला. आपल्या सीड्या जुन्या बाजारात डॉलरला एक अशा विकल्या. ‘टूली’चीही एमपीथ्री केली, सगळ्यात हलकी, कारण तेव्हाची डिस्क म्हणजे डबी होती. मग एक दिवस त्याला कोरी टेप हवी होती, गावात मिळाली नाही, तर त्याने त्याच टेपवर दुसरं रेकॉर्ड केलं. गाणं तर कॉम्प्युटरवर आहेच, म्हणाला. चार वर्षांनी चांगले स्पीकर आणले तेव्हा ड्रमच्या झांजा ऐकल्या. पाण्याखाली वाजल्यासारख्या येत होत्या.

"तेव्हापासून," एवढंच म्हणून तो थांबला.

आणि मला एकदम सगळं कळलं. नेटवर त्या लबाडांना सोलणं. जुन्या बाजारात जाऊन आपल्याच विकलेल्या सीड्या पुन्हा विकत आणणं. ‘एकदा गेलं ते गेलं.’ पंधरा वर्षं हा माणूस दुसऱ्यांना शिव्या देत नव्हता, स्वतःला देत होता. मी मात्र आइस्क्रीमसाठी भांडत बसले.

शेनने मोठा श्वास सोडला आणि हसला. "एवढंच ना? घाबरवलंस की रे! अरे, मी गायलंय ते, आणि मला फरक कळला नाही. तर कुणाला कळणार? दे हीच फाइल. मोठी करून दे."

"फरक आहे."

"तुला ऐकू येतो?"

लिंडल म्हणाला, "नाही. कंपनीत दर वर्षी कान तपासतात. बारा हजार हर्ट्झच्या वरचं मला काही ऐकू येत नाही आता. पंपांनी खाल्लं. पण मला माहीत आहे ना."

"म्हणजे मला ऐकू येत नाही, तुला ऐकू येत नाही..."

"सीडीवर मूळ टेपवरून घेतलंय म्हणून छापणार, खाली माझं नाव छापणार, आणि आत हे असणार. नाही शेन. काढून टाक ते गाणं. आणि ती ओळ पण."

त्याने टेबलावरचा कागद उचलला आणि शेनपुढे धरला. मला वाटलं ओरडावं, अरे गाढवा, पंचवीस वर्षांनी दाराशी आलंय, घे ना! आणि त्याच वेळी मला त्याचा अभिमानही वाटला.

शेनने कागद घेतला नाही. "असं काय रेकॉर्ड करायचं होतं, की त्यापायी हे पुसलंस?"

"जाऊ दे."

"सांग ना."

"जाऊ दे म्हटलं ना."

मला गप्प बसता आलं असतं. नाही बसले. "नव्याण्णवचा सप्टेंबर," मी म्हणाले. "काउंटीच्या जत्रेतला तुमचा कार्यक्रम. गावात परत आलात तो. अजून काय असणार?"

लिंडलने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं गिळलं. कारण पुढचं मला माहीत होतं. मी त्या कार्यक्रमाला होते, अगदी पुढे, धुळीत. आणि लिंडल आवाजाच्या टेबलाशेजारी, मशीन मांडीवर घेऊन, मीटरच्या दिव्यांवर डोळे लावून. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की त्याचं लक्ष दिव्यांवर होतं, त्याने ते ऐकलंच नसेल.

"लाव," शेन म्हणाला.

"नको."

"लिंडल, लाव ती."

जुनं डॅटचं मशीन कपाटातून निघालं. टेप निघाली, डबीवर नंबर घातलेली. लिंडलला ती शोधावी लागली नाही, अंधारातही हात गेला असता. त्याने ती पुढे सरकवली नाही की मागे घेतली नाही. ती जिथे होती तिथूनच लागली, आणि ती बरोबर त्या जागी होती.

दहा हजार माणसांचा गलका. मग तेवीस वर्षांचा शेन, धापा टाकत. "बेकर्सफील्ड! आज मी घरी आलोय! मला काही लोकांचे आभार मानायचेत." आवाज इतका स्वच्छ, की ओठ सुटल्याचं ऐकू येत होतं. त्याने मॅनेजरचं नाव घेतलं. रेकॉर्ड कंपनीतल्या तिघांची घेतली. रेडिओवरच्या एका माणसाचं घेतलं. गाडीच्या ड्रायव्हरचं घेतलं. दंडावर गोंदवून देणाऱ्याचं घेतलं. लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते. "आणि माझी कुत्री, वॅफल!" मग तो थांबला. दोन सेकंद. गलक्याच्या मागे कुठेतरी जत्रेतला पाळणा कुरकुरत होता, तोही ऐकू आला. आणि मग ड्रमचे चार ठोके आणि ‘टूली’ सुरू.

शेन खुर्चीत पुढे वाकला होता. त्या दोन सेकंदांत त्याचे ओठ हलले. तेवीस वर्षांच्या स्वतःला लिंडलचं नाव आठवेल, याची तो वाट बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

गाणं संपेपर्यंत लिंडलने टेप थांबवली नाही. आणि गाणं, सांगते तुम्हाला, जबरदस्त झालं होतं.

"तू तिथे होतास," शेन म्हणाला.

"तुझ्यापासून साठ फुटांवर."

"हे ऐकलंस."

"तेव्हा ऐकलं. नंतरही ऐकतो अधूनमधून. चांगलं रेकॉर्डिंग आहे," लिंडल म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच म्हणायचं होतं की रेकॉर्डिंग चांगलं आहे.

शेन रडायला लागला. मघासारखं गालांवरून ओघळणारं नाही, लाज वाटल्यावर माणूस रडतो तसं, तोंड झाकून. मी त्याला पाणी दिलं. फ्रिज बंद, त्यामुळे कोमट.

थोड्या वेळाने तो ताडकन उठला. "माइक आण. आहे ना तुझ्याकडे? मी आत्ता म्हणतो. आवाज जरा घोगरा झालाय, पण ते करता येतं आता. त्या दोन सेकंदांत बरोबर बसेल. कुत्रीच्या नंतर. ‘आणि लिंडल हॅचर!’ कुणाला कळणार नाही."

"नाही."

"अरे, मला म्हणायचंय!"

"मग मला म्हण. इथे म्हण. टेपवर जे नव्हतं ते घालायचं नाही."

"ठीक आहे. मग ते सगळं बोलणं कापतो आणि नुसतं गाणं घेतो. हे सोळावं गाणं म्हणून घेतो, गॅरेजमधल्याच्या जागी. ते बोलणं कुणी ऐकायलाच नको."

"गाळायचं पण नाही," लिंडल म्हणाला. "घ्यायचं तर आहे तसं घे. कुत्रीसकट."

"त्यात मी नालायक ठरतो, लिंडल."

"तू तेवीस वर्षांचा ठरतोस," लिंडल म्हणाला आणि फ्रिज चालू करायला निघून गेला.

तो परत आला तेव्हा शेन त्याच्यापुढे उभा राहिला आणि त्याला जे म्हणायचं होतं ते म्हणाला. ते मी इथे लिहीत नाही. ते कुठे रेकॉर्ड झालेलं नाही, आणि नसावंच. मग आम्ही तिघांनी बीन्स आणि कॉर्नब्रेड खाल्लं. माझं कॉर्नब्रेड ममासारखं होत नाही, असं दोघांनीही तोंडावर सांगितलं.

सीडी जूनमध्ये आली. सोळावं गाणं, ‘टूली’, काउंटीची जत्रा, सप्टेंबर १९९९. खाली बारीक अक्षरात: रेकॉर्डिंग, लिंडल हॅचर, ऑइलडेल. कंपनीच्या लोकांनी ते बोलणं कापा म्हणून शेनच्या नाकी नऊ आणले होते. त्याने कापू दिलं नाही. लिंडलने सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली, मशीनने प्रत्येक तुकडा दोनदा वाचला, आणि एक आकडा चुकला नाही. त्याने हात चोळले. पुस्तिका त्याने एकदाच उघडली, ती ओळ बघितली, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवून दिली. खानावळीच्या मालकाला दाखवायला मीच ती पळवली, तर सूपचा डाग पडला. आठवडाभर माझ्याशी अबोला होता.

अजूनही कधी रविवारी दुपारी तो ते लावतो. खटका पाडतो, सेल काढतो, कुत्र्याला बाहेर सोडतो. मी स्वयंपाकघरात नळ न सोडता, नाकाने श्वास घेत उभी राहते. मॅनेजर होतो, कंपनीवाले होतात, ड्रायव्हर होतो, गोंदवणारा होतो, वॅफल होते. मग ते दोन सेकंद येतात.

"आणि लिंडल हॅचर!" मी तिथून ओरडते, गळा फाटेस्तोवर.

"शूऽऽ!" तो बैठकीच्या खोलीतून खेकसतो. "गप्प बस ना, ट्वायला. गाणं सुरू होतंय."